आधी घरचा गॅस बंद करा!

मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एक लहानसा प्रसंग घडला. इतिवृत्तात त्याची नोंद नाही आणि ती व्हावी असे तेव्हा कोणालाही वाटले नाही. ऊर्जाक्षेत्रातील एका मोठ्या कंपनीने आपल्या वासंतिक व्याख्यानमालेचा तीन वर्षांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. देणगीचा प्रस्ताव चिटणिसांनी वाचून दाखवला. त्यातल्या अटी दोन-तीनच होत्या, पण एक कलम असे होते की, व्याख्यानांत कंपनीच्या लौकिकास बाधा येईल असे काही बोलले जाणार नाही याची दक्षता मंडळाने घ्यावी. बहुतेकांचे त्याकडे लक्ष गेले नाही. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. आपल्याच एका जुन्या सभासदांची ही नात विज्ञान शाखेत शिकते. हे कलम कशासाठी आहे, असे तिने विचारले. वायू, कोळसा आणि हवामानबदल या विषयावर उद्या एखाद्या वक्त्याला बोलावयाचे झाले तर मंडळ त्याला बोलावणार की नाही, असाही तिचा प्रश्न होता.

उत्तर अध्यक्षांनी दिलेच नाही. पहिल्या रांगेतील एक वयोवृद्ध सभासद मागे वळून हसत म्हणाले, ‘बाळ, आधी घरचा गॅस बंद कर, मग बोल.’ सभागृह हसले. मुलगी खाली बसली. प्रस्ताव विचारार्थ ठेवून सभा पुढच्या विषयाकडे वळली.

आम्हीही हसलो होतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते दुसऱ्या कोणावर दोषारोप करण्यासाठी नाही. घरी परतताना मात्र त्या हसण्याचा सल वाटू लागला. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते, नुसता टोला मिळाला होता. आणि हा टोला आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत नव्हतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो दुसऱ्या शब्दांत ऐकला होता, तेव्हाही आम्ही हसलो होतो, आणि त्याची किंमत पुढे फार मोठी पडली होती. ती कोणाला पडली, याचा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

प्रथम त्या टोल्यातले तर्कशास्त्र पाहू. जो गॅस जाळतो त्याने गॅसविषयी बोलू नये. हाच न्याय पुढे नेला तर जो रेशनचे धान्य घेतो त्याने रेशनच्या काळ्या बाजाराविषयी बोलू नये, आणि जो नळाचे पाणी पितो त्याने गढूळ पाण्याची तक्रार करू नये. वस्तुतः उलट आहे. एखादी वस्तू ज्याच्या जगण्याला अनिवार्य झाली आहे त्यालाच तिचा भाव, तिचा पुरवठादार आणि तिचे परिणाम यांविषयी विचारण्याचा पहिला अधिकार असतो. अवलंबित्व हा प्रश्न विचारण्यातला अडथळा ठरूच शकत नाही, ते प्रश्नाचे मूळ कारण असते.

आणि आपले अवलंबित्व लहान नाही. पाइपच्या गॅसची सवय देशात ज्या शहरांना सर्वांत आधी लागली त्यांत आपले बडोदे आहे. १९७० च्या दशकात महानगरपालिकेने स्वतः ही योजना उभी केली, तेव्हा वायू गुजरातच्याच भूमीतला होता आणि यंत्रणा लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेच्या हाती होती. रॉकेलच्या स्टोव्हची काजळी आणि कोळशाच्या शेगडीचा धूर यांतून आमच्या आई-मावश्यांची सुटका झाली. तिचे मोल आम्ही कमी लेखणार नाही.

ही पत्रिका ज्या ज्या गावी जाते त्या गावांचा नकाशा काढला आणि त्यावर वायूवाहिन्यांचा नकाशा ठेवला, तर दोन्ही किती ठिकाणी जुळतात ते पाहून आश्चर्य वाटेल. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेली मोठी वाहिनी मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यातील विजयपूरला जाते आणि तेथून पुढे उत्तर प्रदेशात जगदीशपूरकडे वळते. हे विजयपूर म्हणजे ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्या मधला मुलूख. काकीनाड्याहून गुजरातेत भडोचपर्यंत येणारी वाहिनी तेलंगणातून जाते. आणि २०१३ साली सुरू झालेली दाभोळ-बंगळूर वाहिनी बेळगाव जिल्ह्यातून जाते व तिचा एक फाटा गोव्यात उतरतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांखालून, शेतांखालून, रस्त्यांखालून हा वायू वाहतो आहे. तेव्हा हा साहित्य मंडळाचा विषय नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की विषय आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला आहे.

या वाहिन्यांपैकी दाभोळचे नाव मुद्दाम शेवटी घेतले. ज्या टोल्याचा आरंभी उल्लेख केला तो आम्ही पहिल्यांदा दाभोळच्या निमित्ताने ऐकला होता.

नव्या पिढीला एन्रॉन हे नाव ठाऊक नसावे, आणि जुन्या पिढीने ते सोयीस्करपणे विस्मृतीत टाकले आहे, म्हणून थोडक्यात उजळणी करतो. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीची माणसे महाराष्ट्रात आली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेलच्या पठारावर हा प्रकल्प व्हावयाचा होता. खाडीपलीकडच्या दाभोळ बंदराचे नाव त्याला मिळाले. पहिला टप्पा नाफ्थ्यावर, आणि पुढे परदेशातून जहाजाने आणलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर दोन हजारांहून अधिक मेगावॅट वीज, असा बेत होता. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला.

तो करार हे त्या सबंध प्रकरणाचे मर्म होते. वीज मंडळाने वीज घेतली काय आणि न घेतली काय, प्रकल्पाच्या क्षमतेपोटी स्थिर आकार भरलाच पाहिजे. देणे डॉलरशी बांधलेले, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार. इंधनाचा भाव जगाच्या बाजारात वाढला तर तोही ग्राहकाच्या माथी. राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. थोडक्यात, नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची. व्यापारात ज्याला धाडस म्हणतात त्याचा लवलेशही कंपनीच्या वाट्याला ठेवलेला नव्हता.

पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटातील अभियंत्यांनी १९९५ च्या सुमारास आकडेमोड करून सांगितले की ही वीज मंडळाला परवडणार नाही. निवडणुकीत हा प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. मे १९९६ मध्ये केंद्रात तेरा दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता प्रतिहमीला मंजुरी दिली. पक्ष कोणताही असो, कंपनीचे काम अडले नाही. म्हणूनच आम्ही येथे कोणा एका पक्षाला दोष देत नाही. मतदाराने सरकार बदलले तरी करार बदलत नाही, ही ऊर्जा कंपन्यांच्या सत्तेची खरी खूण आहे.

अडवले ते गावकऱ्यांनी. वेलदूर, अंजनवेल, कातळवाडी या परिसरातील मच्छीमार आणि आंबा बागाईतदार यांनी विचारले की खाडीत गरम पाणी सोडल्यावर मासळीचे काय होईल, आमच्या पाण्याचे काय, जमिनीचे काय. मृणाल गोरे, मेधा पाटकर, न्या. कोळसे-पाटील यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उत्तर म्हणून जमावबंदी आली, लाठ्या आल्या, अश्रुधूर आला. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस घराघरांत शिरले. पुरुष समुद्रावर गेलेले होते, बायकांना घराबाहेर ओढून मारहाण झाली, त्यांत एक गर्भवती होती. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने आणि जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केले. बंदोबस्तावरच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती, हेही दुसऱ्या अहवालात नमूद आहे.

त्या दिवसांत आमच्या दिवाणखान्यांत काय बोलले जात होते, ते आम्हाला चांगले आठवते. मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे एक-दोन दिवस उशिरा येत. ती चाळून आम्ही म्हणत असू की या लोकांना घरात दिवे हवेत, पंखे हवेत, पण वीजकेंद्र नको. आधी घरची वीज तोडा, मग आंदोलन करा! हेच ते वाक्य. पंचवीस वर्षांत त्यातला एक शब्द तेवढा बदलला आहे. शिवाय आमच्यापाशी आणखी एक पळवाट होती. तो महाराष्ट्राचा प्रश्न, आपण पडलो बाहेरचे. संमेलन भरले की आम्ही महाराष्ट्राचे वारस, लाठी पडली की आम्ही परप्रांतीय. हा सोयीचा दुहेरीपणा आपण मान्य करावयास हवा.

पुढे काय झाले? मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. तेलाचे भाव चढले, रुपया उतरला आणि २००० साली काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्याही वर गेली. वीज मंडळाचे कंबरडे मोडले, बिले थकली, कंपनीने केंद्राच्या प्रतिहमीवर बोट ठेवले. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली. मे २००१ अखेर केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे अमेरिकेत दिवाळे निघाले, तेही हिशेबातल्या लबाडीच्या पायी. ज्या कंपनीपुढे दोन सरकारे आणि एक पोलीस दल हात जोडून उभे होते ती आतून पोकळ होती. कर्जे बुडाली ती बहुतांशी आपल्याच सार्वजनिक वित्तसंस्थांची. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो सांगाडा ताब्यात घेतला. वायू उतरवण्याचा धक्का सुरू व्हावयास २०१३ उजाडले, आणि लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात तो बंदच ठेवावा लागे. देशी वायूचा पुरवठा आटल्यावर सुमारे १,९६७ मेगावॅटचे ते केंद्र पुन्हा थंडावले. पुढे रेल्वेपुरती पाचशे मेगावॅट वीज काढून त्याला कसेबसे जिवंत ठेवण्यात आले.

म्हणजे वेलदूरच्या बायका बरोबर होत्या. त्यांची माया खाडीवर होती म्हणून नव्हे, तर साध्या जमाखर्चाच्या हिशेबानेही त्या बरोबर होत्या. ज्यांना आम्ही विकासविरोधी म्हणत होतो त्यांचे गणित जागतिक बँकेच्या गणिताशी जुळत होते. आणि ज्यांना आम्ही विकासपुरुष म्हणत होतो त्यांनी करार नीट वाचलेला नव्हता, किंवा वाचून सही केली होती. दोन्हींपैकी काय अधिक वाईट, ते वाचकांनी ठरवावे.

आता कोणी म्हणेल की झाले ते झाले, एन्रॉन गेली, धडा मिळाला. धडा मिळाला असता तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. २००४ साली दहेजला देशातील पहिले द्रवरूप वायूचे बंदर सुरू झाले. बडोद्याहून ते काही तासांच्या अंतरावर आहे. त्यामागे कतारशी १९९९ मध्ये झालेला पंचवीस वर्षांचा करार होता, वर्षाला ७५ लाख टनांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढवला गेला. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, आकाराने सुमारे सहाशेपट आक्रसून, जहाजांत भरून आणला जातो, आणि ती जहाजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतात. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आज असा आयात होतो. गुजरातच्या भूमीतल्या वायूवर सुरू झालेली आमची शेगडी आता कोणत्या दोरीवर लटकते आहे, ते यावरून समजावे.

ती दोरी किती कच्ची आहे, ते २०२२ ने दाखवले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपचा नळ आखडला, आणि श्रीमंत युरोप जगभरच्या बाजारातून वाटेल त्या भावाने जहाजे उचलू लागला. जर्मनी त्याआधी आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाकडून घेत होता. स्वस्त वायूची ही मैत्री शांतता राखील, असे तेथील शहाणे लोक वर्षानुवर्षे सांगत आले होते. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानच्या वायूखरेदीच्या निविदेला एकही बोली आली नाही. तेथे लोकांनी तासन्‌तास अंधार सोसला. आपल्याकडेही एका दीर्घकालीन करारातील जहाजे येईनाशी झाली आणि कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. मोरबीच्या फरशी-कारखानदारांनी वायू सोडून प्रोपेनची वाट धरली. युरिया वायूपासून बनतो, तेव्हा हा भाव शेतापर्यंत पोचला. २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास गेले. ते पैसे कोणत्या खिशातून आले, हे सांगावयास नको.

आणि वायूवर चालणारी वीजकेंद्रे? देशात २०२४ मध्ये ती सुमारे २५,००० मेगावॅटची होती. त्यांची पंचमांश क्षमताही अलीकडच्या वर्षांत वापरली जात नाही, कारण वायू एक तर मिळत नाही, नाही तर परवडत नाही. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील समुद्रातून २००९ मध्ये वायू निघू लागला, तेव्हा आंध्रात त्याच्या भरवशावर केंद्रे उभी राहिली. एक-दोन वर्षांत उत्पादन झपाट्याने घसरले आणि केंद्रे तशीच उभी राहिली. हैदराबादच्या सभासदांना ही हकीकत आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. दाभोळ हा अपवाद नव्हता, ती सुरुवात होती.

येथवर आम्ही हवामानाचे नावही काढले नाही, कारण केवळ हिशेबानेही परावलंबनाचा हा मार्ग धोक्याचा ठरतो. पण त्या मुलीचा प्रश्न हवामानाचा होता आणि तो टाळून चालणार नाही. वायू कोळशापेक्षा स्वच्छ, तो भविष्याकडे नेणारा पूल आहे, असे कंपन्यांच्या जाहिराती सांगतात. यातले सत्य असे की, विजेसाठी जाळला असता वायूतून कोळशाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. जाहिरातीत न सांगितलेले सत्य असे की, नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो न जळता विहिरीतून, वाहिनीतून, जहाजातून गळला तर पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक ताप धरून ठेवतो. गळती थोडी वाढली की कोळशावरची सरशी संपली. आणि जो करार २०४८ पर्यंत चालावयाचा त्याला पूल कसे म्हणावे? पुलावर कोणी घर बांधून राहत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. ज्या नदीच्या मुखाशी दाभोळचे केंद्र उभे आहे तीच ही नदी. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्रीने बडोद्याच्या घराघरांत पाणी आणले. एखादा पूर हवामानबदलानेच आला असे प्रमाणपत्र कोणी देऊ नये. नदीपात्रातली बांधकामे, तुंबलेले नाले, धरणांचे विसर्ग ही कारणेही खरीच आहेत. पण तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते बाष्प थोड्या वेळात कोसळते, हे शाळेच्या पुस्तकातले विज्ञान आहे. त्यासाठी आंदोलकांवर विश्वास ठेवण्याचीही गरज नाही.

मात्र आंदोलकांचे काय होते ते पाहण्याजोगे आहे. जुलै २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी मंत्र्यांना ई-पत्रे पाठवण्याची मोहीम काढली, तेव्हा त्यांचे संकेतस्थळ बंद पाडण्यात आले. दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम होते. ते चुकून पडले, असे मागाहून सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवामानाच्या चळवळीतील बंगळूरच्या बावीस वर्षांच्या एका तरुणीला शेतकरी आंदोलनाच्या एका टिपणावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुरावा तुटपुंजा आहे असे म्हणत न्यायालयाने तिला जामीन दिला. गोव्यात २०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून जाणारी वीजवाहिनी आणि कोळशाची वाहतूक वाढवणारे रेल्वेचे दुपदरीकरण यांविरुद्ध चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. त्यांनाही विकासाचे शत्रू म्हटले गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजवाहिनी जुन्याच मार्गाने नेण्यास सांगितले आणि दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक परवानगी रद्द केली. पुन्हा तेच. आधी शिवी, मग पुरावा.

आमच्या काही मित्रांचे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा, की ही पोटभरल्या शहरी मुलांची हौस आहे. असेल. पण वेलदूरच्या कोळणी पोटभरल्या नव्हत्या, त्यांना तरी आपण कोठे ऐकले? ज्याला ऐकावयाचे नाही त्याला बोलणाऱ्याचे पोट भरलेले असले तरी खुपते आणि रिकामे असले तरी खुपते. दुसरा आक्षेप असा, की जगाला तापवले युरोप-अमेरिकेने, आपण का सोसावे? आक्षेप रास्त आहे आणि तो त्यांच्यापुढे ठणकावून मांडलाच पाहिजे. पण परक्याने आपले घर जाळले म्हणून उरलेले आपण त्याच्याकडून विकत घेतलेल्या काडीने पेटवावे, असे काही त्यातून निघत नाही. तिसरा आक्षेप, पर्याय काय? डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्याच लिलावात सौर वीज युनिटला १ रुपया ९९ पैसे दराने देऊ करण्यात आली. रात्रीची सोय, साठवणुकीचा खर्च हे प्रश्न शिल्लक आहेत, ते आम्ही लपवत नाही. तसेच सूर्याची वीजही उद्या दोन-चार घराण्यांच्या मुठीत गेली आणि तिचेही करार बंद दाराआड झाले, तर आमचा आक्षेप तोच राहील. इंधन बदलेल, पण करार कोण करतो, जोखीम कोण उचलतो आणि विचारण्याची मुभा कोणाला आहे, हे तीन प्रश्न बदलणार नाहीत.

आता मूळ कलमाकडे येतो. व्याख्यानमालेला पैसे लागतात, सभागृहाचे भाडे वाढले आहे, आजीव सभासदांच्या जुन्या ठेवींचे व्याज घटले आहे, हे आम्ही जाणतो. महाराजा सयाजीरावांच्या राजाश्रयावर येथे ग्रंथालये उभी राहिली, ग्रंथमाला निघाल्या. देणगी घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो तोंडाला कुलूप घालून घेण्यात. एन्रॉनच्या करारात वीज न घेताही पैसे भरण्याचे कलम होते. येथे पैसे घेऊन गप्प बसण्याचे कलम आहे. दोहोंचा हेतू एकच, की कंपनीला कधीही, कोणत्याही परिस्थितीत तोशीस पडू नये. इंग्लंडात शेक्सपिअरची नाटके करणाऱ्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१९ मध्ये बीपी या तेलकंपनीचे प्रायोजकत्व सोडले. तिकिटांवरची सवलत बीपीच्या पैशाने मिळत होती ती तरुण प्रेक्षकांनाच, आणि त्यांच्यातल्याच काहींनी बहिष्काराचा इशारा दिला होता. त्यांना कोणी आधी घरचा दिवा विझवायला सांगितले की नाही, ते माहीत नाही. पण संस्थेने त्यांचे म्हणणे ऐकले.

आमचे म्हणणे एवढेच आहे. कार्यकारिणीने ते कलम काढून टाकण्याची मागणी लेखी करावी. कंपनीने मानले तर देणगी सन्मानाने घ्यावी, न मानले तर ती परत करावी आणि व्याख्यानमाला पाच दिवसांऐवजी तीन दिवसांची करावी. लहान झाली तरी ती आपली राहील. त्या तीन दिवसांतले एक व्याख्यान ऊर्जा, करार आणि हवामान या विषयावर ठेवावे आणि कंपनीचा प्रतिनिधी यावयास तयार असेल तर त्यालाही त्याच व्यासपीठावर बोलवावे. आम्हाला कोणाचे तोंड बंद करावयाचे नाही. आणि ही पत्रिका जेथे जेथे जाते तेथील मंडळांनी आपापल्या गावच्या वायूचे आणि विजेचे करार कोणी केले, किती वर्षांचे केले, भाववाढ कोणाच्या माथी टाकली, एवढे तरी विचारून पाहावे आणि जे कळेल ते येथे लिहून पाठवावे. पाने आम्ही राखून ठेवू.

घरचा गॅस आम्ही आज बंद करणार नाही. उद्या सकाळचा चहा त्याच शेगडीवर होईल. म्हणूनच तर तो कोठून येतो, कोणत्या अटींवर येतो आणि आमच्या नातवंडांच्या वाट्याला काय ठेवून जातो, हे विचारल्यावाचून आम्हाला गत्यंतर नाही. पुढील सभेत त्या मुलीने तो प्रश्न पुन्हा विचारावा. तिने न विचारल्यास पहिल्या रांगेतून आम्ही विचारू.